अनवाणी शेजारी

"पाय पुसू का धुऊ?"

आमच्या दारात उभं राहून ते हे विचारायचे. सगळं जग दाराशी चपला काढतं, यांच्या पायांत काढायला काही नसायचंच. एक पाय उचलून तळवा निरखायचा, मग दुसरा, आणि मग हा प्रश्न. माझी बायको आतून तांब्या घेऊन धावायची. मी दिवसभर राबून घरी आलो तरी माझ्या पायांसाठी तिनं कधी तांब्या उचलल्याचं आठवत नाही. तुमच्याही ओळखीत असा एक जण असेलच, काही न करता लोकांना आवडणारा. असला तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल.

पाटसकडच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. ते फिटर, मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्यांची टाच दुखायची. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. दौंडच्या डॉक्टरांनी मऊ बूट घालायला सांगितले, उपयोग झाला नाही. नवरात्रात आपल्या बायकोच्या आग्रहाखातर त्यांनी चपला सोडल्या आणि टाचेचं दुखणं कमी झालं. दसरा झाल्यावर बाकीच्यांनी चपला घातल्या, यांनी घातल्या नाहीत.

वसाहतीनं ठरवून टाकलं, मोठा नवस बोललाय.

"अवो, नवस न्हाई, टाच दुखत व्हती," ते जीव तोडून सांगायचे. पण नवस कोणी असा उघड सांगतं का? ते जितकं नाकारत तितकी लोकांची श्रद्धा वाढे. मागच्या ओळीतल्या काकू तर एकदा रस्त्यातच त्यांच्या पाया पडल्या. टाच माझीही दुखत होती. माझ्याकडं कोण बघतंय!

कामावर ते मुकाट बूट घालत. काट्याकुट्याच्या वाटेसाठी मात्र त्यांनी दौंडच्या बाजारातून ट्यूबच्या रबराचा पातळ तळ कापून आणला आणि त्याला दोन पट्टे लावून घेतले.

"ही कसली चप्पल? हा तर पापड!" मी म्हणालो.

"त्यातनं बी खडा कळतोय बघा," ते खुशीत म्हणाले.

एका सकाळी मीही अनवाणी निघालो. गेटपर्यंत पोचायच्या आत पायात सराटे रुतले. पुढे आठवडाभर लंगडत होतो. सुईनं काटा काढताना बायको म्हणाली, "त्यांना बरं टोचत नाही."

इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी माझे वडील नेले.

आबा न्हावऱ्याला शेती करायचे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर मी त्यांना वसाहतीत आणलं. पायात जीव परत आला होता, पण भीती जात नव्हती. चालले नाहीत तर कायमचे खाटेला खिळतील, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पुण्याहून जाड तळाचे पांढरेशुभ्र बूट आणले. ते घालून आबा दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

"पाय कुठं पडतोय त्येच कळंना."

त्यानंतर रोज मी बूट घेऊन उभा आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले.

एकदा मी आबांच्या पायांत बळंच बूट चढवले होते तेवढ्यात शेजारी आले, ते बूट काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आबा, चला. रानाला पानी सोडलंय." हाताला धरून त्यांना वसाहतीमागच्या उसाच्या रानात घेऊन गेले. आबांनी चिखलात पाय ठेवला. बोटं पसरली.

"हितली माती चिकाट हाय," आबा म्हणाले. "आमची भुसभुशीत."

मग एक पाऊल, मग आणखी एक. आबा हसत होते, कित्येक महिन्यांनी. मी बांधावर बूट धरून जळत उभा होतो. बाप माझा होता. त्याला चालता मी करायला हवं होतं.

मग रोजच दोघं जायला लागले. मी सोबत गेलो की आबांचं बोलणं आटायचं.

पुढे शेजारी निवृत्त होऊन तळेगाव ढमढेऱ्याकडं आपल्या गावी गेले. जाताना मला म्हणाले, "आबांचा हात धरा. बूट नगा घालू." माझ्याच बापाबद्दल मला शिकवत होते!

आबांनी पुन्हा खाट धरली. शेवटी मी पायातलं काढून ठेवलं आणि हात पुढं केला. आबांनी बराच वेळ माझ्या कोवळ्या पायांकडं पाहिलं आणि हात धरला. रानातल्या ढेकळांवर माझाच तोल जात होता. "हळू, पडशील," म्हणत आबांनीच मला सावरलं. लहानपणानंतर इतका वेळ त्यांचा हात माझ्या हातात कधी नव्हता. मी मनातून हरखलो.

घरी आल्या आल्या आबा म्हणाले, "त्येला फोन लाव. म्हनावं, आबा चालला."

मी लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"रानात गेला आसंल," आबा म्हणाले आणि नुसत्या आठवणीनं हसले. "परत लाव."

माझ्या तळव्यातून रक्त येत होतं. आबा खुर्ची ओढून फोनजवळ बसले होते.