कालच्या तारखेचे पान

“पान मिळालं नाही, तर मिळालं नाही असंच सांगायचं.” १९९८ साली मी कासार आंबोलीत कामावर रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी दिनकर आगवेकर सर मला म्हणाले. त्यांच्या बंगल्याच्या पडवीत आम्ही चौघे एक ब्राउझर घडवत होतो; इंटरनेटवरची पाने उघडणारा, मराठी अक्षरे नीट दाखवणारा. ज्या संगणकप्रणालीसाठी तो होता, ती केव्हाच बंद पडली. सरांच्या या षष्ट्यब्दी ग्रंथाच्या तरुण वाचकांना तिचे नावही ठाऊक नसेल. अडचण आली की पडद्यावर उमटणारी वाक्ये सर स्वतः लिहीत. इतर ब्राउझर त्रुटीचा नुसता आकडा दाखवत, आमचा म्हणे, “फोन लागत नाही. थोड्या वेळाने पाहा.”

सर कसे आहेत हे सांगायचे, तर मला एक दुपार सांगावी लागेल.

शाळांना संगणक पुरवणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी ब्राउझर पाहायला येणार होते. त्यांनी तो घेतला तरच आमची कार्यशाळा टिकणार होती. सर आणि बाकी दोघे त्यांना आणायला पौडला गेले आणि इकडे, ज्यावरून इंटरनेट यायचे तो फोन मुका झाला. शेजारचे बबनकाका सांगत आले, “वढ्यापाशी खोदताना वायर तुटलीया. तुमचं जगाचं जाळं आमच्या गड्याच्या टिकावानं तुटलं बघा! आज काय व्हायचं न्हाई.”

मी घाबरले. आदल्या दिवशी उघडलेली पाने संगणकात साठलेली होती. फोन नसतानाही तीच दिसतील अशी सोय मी केली आणि कोणालाच काही सांगितले नाही.

पाहुणे येऊन बसले आणि वर्तमानपत्राचे पान झरकन उघडले. “अरे वा! खेड्यात एवढा वेग?” एक अधिकारी म्हणाले. सर पानाकडेच पाहत राहिले. वर कालची तारीख होती. त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, खाली ठेवला.

“हे पान कालचं आहे. आमचा फोन बंद आहे.”

“मग आम्हाला दाखवलंत कशाला?”

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. “चूक माझी.”

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

काही महिन्यांत कार्यशाळा बंद झाली. आमचा सहकारी श्रीरंग निघताना म्हणाला, “सर, फसवायचं तर नीट फसवायचं. तारीख तरी झाकायची!” सर रागावले नाहीत. “तुझं शिफारसपत्र टेबलावर आहे, विसरू नकोस,” एवढेच म्हणाले. मी तिथेच उभी होते. बोलले नाही.

माझ्यासाठीही पत्र होते. त्यात ‘विश्वासू’ असा शब्द होता. त्याच पत्रावर मला हिंजवडीत नोकरी मिळाली. पुढे कबुली द्यायला मी दोनदा सरांकडे गेले. पहिल्यांदा त्यांनी मला जेवायलाच बसवले. दुसऱ्यांदा म्हणाले, “मीनल, मला त्याच दुपारी कळलं होतं. आमटी घे.”

सरांची पुढची वर्षे बिनदुखण्याची जावोत, डोळ्यांना बारीक अक्षरे दिसत राहोत, आणि त्यांच्या पडवीत बसायला आम्ही म्हातारे होईपर्यंत येत राहू.

सर, एक मागणे आहे. मी इथे लिहिले खरे, पण श्रीरंग म्हणेल, सरांना वाचवायला लिहिलं. तुम्ही सांगितलेत तरच त्याला पटेल. सत्काराच्या दिवशी तो समोर बसलेला असेल. ते पान कोणी लावले होते, ते माझे नाव घेऊन त्याला सांगा. तुम्ही नाही म्हणून मान हलवाल, हे मला आत्ताच दिसते आहे. तरीही, एकदाच सांगा.