पिनेवरचा लाल ठिपका

मी गिटारी बनवतो. विजेवरच्या. असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममधले लोक आधी हसतात, मग विचारतात, "विकता का, सर?" विकत नाही. वाजवताही धड येत नाही. मी गणिताचा मास्तर. रोज जालना-मंठा अप-डाऊन करतो आणि रविवारी जालन्यातल्या मस्तगडच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली रंधा मारत बसतो. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला क्रिकेटचा. मला हा लागला.

वाजवते ती बायको. आमच्या विहारातल्या सहा बायकांची गाण्याची पार्टी आहे, जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावचं बोलावणं येतं. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि हिची गिटार. गातेही तीच, माईकला अगदी ओठ टेकवून. टेकवण्याआधी मात्र माईकला स्वतःचा रुमाल बांधते, दुसऱ्यांची थुंकी नको म्हणून. यावरून मी तिला कायम चिडवतो.

पहिली गिटार बनवून दिली तेव्हा तिनं दोन गाणी वाजवली आणि म्हणाली, "मान लई जाड झाली हिची. बोटं पुरून न्हाई राह्यली." एवढंच. खरंच होतं ते. पण चार महिने घासून केलेली वस्तू! माझं डोकं सणकलं. गिटार उचलून माळ्यावर टाकली आणि आठ दिवस बायकोशी बोललो नाही. माझा राग असाच आहे. मी ओरडत नाही, गप्प बसतो. माझं गप्प बसणं शिव्यांपेक्षा वाईट, असं माझी आईच म्हणायची.

दुसरी गिटार मनापासून केली. शाळेनं मोडकी बाकं काढली, त्यातली एक सागवानी फळी मागून आणली. तिच्या खालच्या अंगाला पोरांनी कर्कटकानं नावं कोरली होती, ती मी घासली नाहीत, गिटारीच्या पाठीवर तशीच राहू दिली. मान बायकोच्या मुठीच्या मापानं बारीक केली. तारांखालचं कॉइल गुंडाळायला तिच्याच शिलाई मशिनची बॉबिन भरायची चकती वापरली. केसापेक्षा बारीक तार लागते त्याला. मोटार वायंडिंगच्या दुकानातल्या चाचांनी ती कुठूनशी मागवून दिली. तीन वेळा तुटली, चौथ्यांदा जमलं.

सगळं झालं, पण अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, लावली की नुसतं घूंऽऽ. तारेवर हात ठेवला की कमी, काढला की पुन्हा घूंऽऽ. कारण उघड होतं. आमच्या घराला अर्थिंगच नाही. सॉकेटला तिसरं भोक आहे, त्याच्यामागं वायर नाही. मग आपल्याकडं सगळे करतात तेच मी केलं. लाइटीच्या दोन वायरी असतात, एक जिवंत, एक थंड. एक्स्टेन्शन बोर्ड उघडला आणि थंड वायरीचा एक तुकडा अर्थिंगच्या भोकाला जोडून दिला. घूं बंद! मी एवढा खूश झालो की दोन कप चहा प्यायलो.

चाचांना कौतुकानं सांगायला गेलो, तर त्यांचं तोंडच उतरलं. "सर, घर का घर में ठीक है. पिन उल्टी लगी तो पूरा करंट गिटार की तार पे आता. ये बोर्ड बाहर मत ले जाव." खरं होतं त्यांचं. बोर्डाची पिन दोन काड्यांची, कशीही बसते. उलटी बसली तर जिवंत वायर थेट अँपच्या पत्र्याला, आणि तिथून गिटारीच्या तारांना. मी म्हणालो, "बाहर कशाला जातंय, चाचा?" घरी येऊन बायकोच्या नेलपॉलिशनं पिनेवर लाल ठिपका दिला. ठिपका वर, म्हणजे पिन सुलटी.

"अवो, माझी नेलपॉलिश लाइटीला लावून राह्यले का?" म्हणून ती हसली. ठिपका कशासाठी, ते मी तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काम अर्धवट आहे हे कबूल करायचं, आणि ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

शहागडच्या जयंतीचं बोलावणं एप्रिलच्या अखेरीला होतं, कार्यक्रम पाचला. बायका दुपारीच जीपनं गेल्या होत्या. मी शाळेतून आलो तेव्हा साडेतीन झाले होते. डोक्यावर पाणी घेतलं, पंखा लावला आणि मोबाईल चार्जिंगला लावायला वाकलो, तर बायकोचा मोबाईल थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलेला. घाईत इथंच राहिला, म्हटलं. मग दिसलं की बोर्ड जागेवर नाही.

कॉटखाली पाहिलं. गच्चीवर पाहिलं. शेजारच्या वहिनींना विचारलं, "आमचा बोर्ड नेला का तुम्ही?"

"न्हाई वो, ताईनं गाडीत टाकला ना. तिथली वायर पुरत न्हाई म्हणे."

जिन्यात बसलो. फोन कुणाला करणार? हिचा फोन घरात, पार्टीतल्या बायकांचे नंबर त्या फोनात, आणि त्याचं लॉक मला ठाऊक नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि बायकोच्या फोनचं लॉक ठाऊक नाही. वहिनींचा "काय झालं वो?" ऐकला न ऐकला, गाडीला किक मारली.

अंबडचा रस्ता मला मंठ्याच्या रोजच्या रस्त्यासारखा पाठ नाही, पण त्या दिवशीचा प्रत्येक खड्डा आजही आठवतो. ऊन असं की डोळ्यांपुढं रस्ता हलत होता. तशातही डोकं आपलं काम करतच होतं. मंचावर प्रतिमा असतात, तिथं चप्पल घालून कोणी चढत नाही, म्हणजे ती अनवाणी. धूळ बसावी म्हणून मैदानात टँकरनं पाणी मारतात, म्हणजे जमीन ओली. हातात गिटारीच्या तारा, ओठ माईकला. रुमाल आहे, पण तो अर्ध्या गाण्यात श्वासानं ओला होतो. आणि पिन लावणार कोण? मांडववाल्याचा कुणीतरी माणूस, ज्याला ठिपका म्हणजे नेलपॉलिशचा डाग.

सुलटी किंवा उलटी. दोनातली एक. दहावीच्या पोरांना मी संभाव्यता शिकवतो. नाणं उडवा, छापा की काटा, एक छेद दोन. वर्षानुवर्षं फळ्यावर एक छेद दोन लिहिलं, त्याची भीती कधी वाटली नाही. आता मी मोठ्यानं बोलत होतो, "आमचे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू होत न्हाईत, आजबी होणार न्हाई, पाहुणे उशिरा येतेत, भाषणं होतेत." बाजूनं जाणारा रिक्षावाला माझ्याकडं बघत राहिला.

वडीगोद्रीला हायवे लागला आणि ट्रकांची रांग. मी गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीतून काढली. एका ट्रकवाल्यानं आईवरून शिवी दिली. दे बाबा, म्हटलं, दे.

शहागडात शिरलो तेव्हा सव्वापाच झाले होते. लांबूनच भोंग्यावर गाणं ऐकू आलं. त्या दिवशी कार्यक्रम वेळेवर सुरू झाला होता. आवाज हिचाच होता, पण बारीक, दबलेला, लांबून आल्यासारखा. हिचा आवाज असा नाही. हिला काहीतरी झालंय, असं वाटून मी गाडी तिथंच आडवी टाकली.

निळ्या झेंड्यांच्या मधून धावत मंचासमोर गेलो. फळ्यांचा मंच, वर कोरडी सतरंजी, आणि ती उभी, अनवाणी. गिटार गळ्यात, बोटं तारांवर. माईकपासून चांगली हातभर लांब. हाक तोंडापर्यंत आली होती ती गिळली. हाक मारली आणि ती दचकून माईकवर गेली तर? मंचाला वळसा घालून मागं पळालो. वायरींच्या गुंत्यात माझा बोर्ड दिसला. पिनेचा लाल ठिपका खाली होता.

खाली.

मी पिन ओढली. गिटार बंद पडली. समोरचे लोक ओरडले, "ए, काय झालं रे?" मांडववाल्यानं माझी कॉलर धरली. मी नुसताच ती पिन मुठीत धरून चिखलात बसलो. हिनं मंचावरून वाकून पाहिलं, मला ओळखलं, आणि काय समजली कोण जाणे, पेटीवालीला खूण केली. पुढची गाणी पेटी-ढोलकीवर झाली. मी मांडववाल्याला सांगितलं, बोर्ड माझा आहे, चूक माझी आहे, हा बोर्ड कुठंच लावायचा नाही. तिथंच दगडानं फोडला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जीपच्या आडोशाला उभे राहिलो. दिवस अजून मावळला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, तिसरं भोक, वायरीचा तुकडा, ठिपका. ती ऐकत होती, गिटारीच्या पाठीवरच्या नावांवरून बोट फिरवत.

"तारा झिणझिण करत होत्या का?" मी विचारलं.

"पहिल्या गाण्यापासून. मुंग्या चावल्यावानी. माईकला ओठ लागला तवा तं कटकन चावलं. रुमाल होता म्हणून बरं. मंग मी मागं सरकले."

"अगं, मंग बोलली का न्हाईस? गिटार काढून ठेवायची ना!"

ती माझ्याकडं बघेना. "नवी हाय ना. तुम्ही एवढी जीव लावून केलेली. म्हटलं, पहिल्याच दिवशी नाव ठेवलं की हे परत आठ दिवस बोलणार न्हाईत. त्याचं मला लई भ्याव वाटतं."

दोन गाणी ही बाई अंगात करंट घेऊन उभी होती, माझ्या रुसव्याला भिऊन.

परतताना ती जीपमध्ये बसली नाही, माझ्या गाडीवर बसली. गिटार आमच्या दोघांच्या मध्ये. वडीगोद्री गेलं, पुढची गावं गेली, मी काही बोललो नाही. अंबड जवळ आलं तेव्हा कळलं की तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतलाय आणि ती अगदी आखडून बसलीय. माझं गप्प बसणं तिनं पुन्हा तेच समजलं होतं.

मी गाडी कडेला घेतली. वळून म्हणालो, "मी रागात न्हाई गं. मला रडू येऊन राह्यलंय. तू सांग, ह्या गिटारीत अजून काय काय वाईट हाय? सगळं सांग."

तिनं गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवर तळहात ठेवला, आणि दोष सांगायच्या आधी मला विचारलं, "रागावणार न्हाई ना?"