किशनभाऊंचा इंग्रजी बॅनर

आसेगावात बॅनरचं दुकान चालवणारा अमरसिंग राठोड शुद्धलेखनाच्या बाबतीत फार कडक. 'हार्दिक'ची वेलांटी चुकवून मजकूर आणणाऱ्या गिऱ्हाईकाला तो उभ्या उभ्या शिकवणी देई. वाढदिवसाच्या बॅनरवरचं व्याकरण तपासणारा दुसरा माणूस वाशीम जिल्ह्यात नसावा. तशी गरजही कुणाला कधी पडली नव्हती.

छपाईचं मोठं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. तो मजकूर बसवून फाइल वाशीमला पाठवी, आणि छापलेला बॅनर एसटीनं येई.

यंदा किशनभाऊंचा वाढदिवस आला. भाऊ कित्येक वर्षं भावी सभापती आहेत. त्या पदाचा एवढा अनुभव तालुक्यात कुणालाच नाही. बॅनर आला तेव्हा अमरसिंग सासरी लग्नाला गेला होता. कार्यकर्त्यांनी गुंडाळी एसटीतून उतरवली आणि थेट चौकात टांगली.

परतल्यावर अमरसिंगनं वर पाहिलं. भाऊंच्या हसऱ्या फोटोखाली 'किशन'च्या जागी fd'ku असं छापलं होतं, आणि खालचा सगळा मजकूरही तसाच. वाशीमच्या छापखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यात अमरसिंगचा जुना फॉन्ट नव्हता. तो तसाच भाऊंच्या घरी गेला.

भाऊ गळ्यात हार घालून ओसरीवर बसले होते.

"भाऊ, बॅनर चुकला," अमरसिंग म्हणाला. "कॉम्प्युटरले अक्षर समजत नाही, एक आन् शून्यच समजते. म्हनून हरेक अक्षराले एक आकडा असते. इंग्रजी डीचा शंभर. आतमंदी तो एक एक शून्य शून्य एक शून्य शून्य असा राह्यते. माह्या फॉन्टात त्याच शंभरवर 'क'चं चित्र बसवेल हाये. फॉन्ट नसला का तिथं पुन्हा डी दिसते."

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग काहून घाबरून राह्यला? इंग्रजी बॅनर अख्ख्या तालुक्यात कोनाचाच नाही."

"ते इंग्रजी नाही, भाऊ. त्याले काही अर्थच नाही."

"आधीच्यांले होता का?"

आधीच्या बॅनरांवर 'विकासपुरुष' आणि 'युवा हृदयसम्राट' अमरसिंगनंच वेलांट्या तपासून बसवले होते.

पण त्याला चैन पडेना. तो कॉम्प्युटरवर मराठी लिहायची नवी पद्धत शिकला. तिच्यात 'क'ला स्वतःचाच आकडा आहे, दोन हजार तीनशे पंचवीस. तो डीच्या वाटेला जात नाही. त्यानं भाऊंना शुद्ध मराठीतला बॅनर फुकट करून दिला. भाऊंनी तो गुरांच्या कुटाराच्या ढिगावर पांघरला. चौकातला मात्र तसाच राहिला, आणि त्याच्याकडे बघून आणखी दोघं-तिघं 'भाऊसारखा' मागायला आले.

अमरसिंगच्या बायकोनं, संगीतानं, त्याला समजावलं, "लोकायले पायजे ते द्या. तुमाले कायले तरास?"

आता ऑर्डर घेताना तो सरळ विचारतो, "वाचता येनारा पायजे का भारी?" वाचता येणारा मागणारेही आहेत. बहुतेक श्रद्धांजलीचे.