चंद्राची पुडी

माझ्या सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण आज कोणती तिथी आणि चंद्र कधी उगवणार, हे त्या भाकरी थापता थापता सांगायच्या. त्यांच्या या विद्येनंच त्यांना जवळजवळ मारलं होतं. थांबा, नीट क्रमानं सांगतो, नाहीतर बायको म्हणेल, तुम्ही गोष्ट शेवटाकडूनच सुरू करता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत कारकून होतो. सासूबाईंचा मुक्काम वाईजवळच्या त्यांच्या गावी. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ते एकाएकी गेले आणि बाईंची झोप उडाली. जेवण सुटलं. बोलणंही सुटलं, आणि ते आम्हाला सगळ्यात भयंकर वाटलं, कारण बाई एरवी बैलालासुद्धा दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढं जात नसत.

कुणीतरी सांगलीचा एक डॉक्टर सुचवला. मनाच्या दुखण्याचा. पण तसं सांगितलं तर बाई एस.टी.त पाय ठेवणार नाहीत, म्हणून मी सांगितलं, "मामी, गुडघ्याचा डॉक्टर हाय, लय नावाजलेला." बाई आल्या. डॉक्टरांनी गुडघ्याचं नाव न काढता तासभर सासऱ्यांविषयीच विचारलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्यो गुडघ्याचा न्हवं. पर माणूस बरा हाय."

तिथल्या कंपाउंडरनं गोळ्यांच्या दोन पुड्या बांधल्या. न वाचणाऱ्यांसाठी त्याची एक युक्ती होती. सकाळच्या पुडीवर सूर्य काढायचा आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र. सूर्याला किरणं, चंद्राला टोकदार कोर. मला तर ती कल्पना इतकी आवडली की कचेरीत चार जणांना हातवारे करून सांगितली.

महिनाभरात बाई दोनदा पडल्या. एकदा गोठ्यात म्हशीची धार काढून उठताना, एकदा पहाटे विहिरीच्या पायरीवर. मनगट सुजलं, कपाळाला खोक पडली. गावात कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी असेल. मी शहाणा, मी म्हणालो, चप्पल बदला.

मग पाऊस लागला. पडणं थांबलं आणि आम्ही खूश झालो. पण बाई आणखीच मिटल्या. घरात येरझाऱ्या घालायच्या, हात थरथरायचे. एक दिवस बायकोला म्हणाल्या, "आता तुमचं तुमी बघा." बायकोनं ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाईंना घेऊन सांगली गाठली.

डॉक्टरांनी ना नाडी पाहिली ना जीभ. त्यांनी विचारलं, "मावशी, रात्रीची गोळी कधी घेता?"

"चांद उगवला की."

मी फिस्सकन हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

"म्हणजे?"

"आवं, तुमीच चांद काडून दिलाय न्हवं? संकष्टीला न्हाई का, चांद दिसल्याबिगर घास घेत न्हाई. तसंच."

डॉक्टरांनी खणातून पंचांग काढलं. बाईंना पडल्याच्या तारखा माहीत नव्हत्या, पण तिथी तोंडपाठ होत्या. शुद्ध अष्टमीला गोठ्यात. त्या दिवशी चंद्र भर दुपारीच आभाळात येतो, तेव्हा तो दिसताच बाईंनी झोपेची गोळी चार वाजता घेतली आणि गुंगीत धारेला बसल्या. वद्य एकादशीला विहिरीवर. त्या दिवशी चंद्र पहाटे तीनला. चंद्राची वाट पाहत बाई जाग्या राहिल्या, गोळी घेतली आणि उजाडताना घागर घेऊन निघाल्या. अवसेला गोळीच नाही.

"आणि पावसात?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजाडलेलं कळतं, पर ढगात कुठला आलाय चांद?"

"मग गोळ्या कुठं आहेत?"

बाई पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या. "हायेत. डब्यात."

डॉक्टरांनी पंचांग मिटलं, खुर्ची पुढं ओढली आणि अगदी चहा घेणार का म्हणावं तसं विचारलं, "मावशी, जीव नकोसा वाटतो का?"

मी ताडकन उठलो. म्हटलं, "डॉक्टर, अहो, असलं विचारतात का?" त्यांनी मला हातानंच खाली बसवलं.

बाई म्हणाल्या, "वाटतो. डबा बघितला की जादा वाटतो." आणि सासऱ्यांच्या दिवसांत न रडलेली ती बाई तिथं मोकळेपणानं रडली. बायकोनं त्यांचा हात धरला. मी छताकडं बघत बसलो.

मग डॉक्टर बोलले. ही औषधं म्हाताऱ्या अंगाला जास्त चढतात, तोल जातो, कधी मनही आणखी काळवंडतं. मध्येच तोडली तरी उलटतात. "चूक तुमची नाही, मावशी. तो चंद्र माझ्या दवाखान्यातला आहे." एवढ्या मोठ्या डॉक्टरनं एका अडाणी बाईपुढं हे कबूल करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. डबा आमच्याकडं आणायचा, गोळ्या बायकोनं सांभाळायच्या, रोज एकच हातावर द्यायची, दर पंधरवड्याला दाखवायला यायचं आणि औषध हळूहळू उतरवायचं, असं ठरलं. आणि गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची, म्हणून पुडीवर आता चंद्राऐवजी जेवणाचं ताट.

बाईंनी डोळे पुसले, पुडी उलटसुलट करून पाहिली. "आवं डाक्टर, पर एकादशीला?"

तेव्हा मात्र डॉक्टर हसले, कंपाउंडरला आत बोलावून पुन्हा हसले आणि ताटाखाली स्वतःच्या हातानं साबुदाण्याची वाटी काढून दिली.

सासूबाई तो पावसाळा आमच्याकडं साताऱ्यात राहिल्या. दिवाळीपर्यंत आवाज परत आला, पहिला मार मला बसला, चप्पल बदला म्हणालो होतो त्याबद्दल. पुढं गावी गेल्या त्या वेगळ्याच होऊन. पाणवठ्यावर कुणी म्हातारी गप्प दिसली, कुणाची लेक माहेरी फार दिवस बसलेली दिसली, की बाई जवळ जाऊन बसायच्या आणि सरळ विचारायच्या, "जीव नकोसा वाटतो का गं?" सुरुवातीला लोक चिडले. एकीनं तर बाईंच्या अंगावर घागर उलटवली. पण नंतर बायका स्वतः होऊन त्यांच्याकडं येऊ लागल्या, आणि त्यातल्या दोघींना बाईंनी स्वतः एस.टी.त बसवून सांगलीला नेलं. मी विचारलं, त्यांना काय सांगून नेलंत?

"खरं तेच," त्या म्हणाल्या. "तुमच्यावानी गुडघा कशाला सांगू?"