लाङीच्या नावातला ङ

आज रविवारच्या मराठी वर्गातून परतताना मुलीने डचमध्ये विचारलं, “बाबा, ङ कुणी वापरतं तरी का?” आणि मी मनाने थेट हूफडॉर्प गावाच्या त्या ओल्या मैदानावर पोचलो.

तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या हौशी क्लबात मी गुणफलक सांभाळायचो. लाङी हा आमचा सर्वांत धिप्पाड खेळाडू, अमेरिकेत वाढलेला, सामोआ बेटांवरच्या कुटुंबातला. त्याचं आडनाव रोमन लिपीत g ने लिहितात, पण सामोअन भाषेत त्या g चा उच्चार म्हणजे आपला ङ. गुडघ्याने दगा दिल्यामुळे त्या दिवशीचा सामना त्याचा शेवटचा होता आणि आई पहिल्यांदाच बघायला आली होती.

“आमचं आडनाव म्हणजे आजोबांचं नाव,” तो सामन्याआधी म्हणाला. “अमेरिकेत त्याचं ‘लॅगी’ झालं, इथे ‘लाखी’. आईला एकदा तरी बरोबर ऐकायचंय.”

निवेदन करणारे म्हातारे डच गृहस्थ घसा खरवडून ‘लाखी’च म्हणत राहिले. शेवटी वैतागून त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला. “माझी जीभ नाही वळत. तूच बोल!”

तेवढ्यात लाङी चेंडू काखेत दाबून, दोघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे कोसळला. टचडाउन! मी गुण सांगायचेच विसरलो आणि ‘वाङ्मय’मधला ङ लावून जीव खाऊन ओरडलो, “लाङी!”

त्याची आई ताडकन उठली. “चीऽहूऽ!” तिच्या त्या सामोअन आरोळीने सगळं मैदान दणाणलं.

तेव्हा मला तो मुलाच्या पराक्रमाचा जल्लोष वाटला होता. आता, माझ्याच आडनावाचे इथे रोज तुकडे होताना ऐकून, उमगतं की ती सासऱ्यांच्या नावाला ओ देत होती.