माझी बॅग मीच भरीन

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा सुनेनं मोबाइलवर बघून आम्हा तिघांच्या कपड्यांची यादी केली, मुलाला विचारलं, मला सोडून. तिथली हवा घडीत एक, घडीत दुसरी. सकाळी ऊन, दुपारी धो धो पाऊस, बोटीवर गार वारा. म्हणून सुती कुर्ते, जीन्स, जाड टॉवेल. माझ्यासाठीही दोन सुती पंजाबी ड्रेस आणले. साठी उलटलेल्या बाईला!

"माझी बॅग मीच भरीन," मी म्हटलं.

सुरतच्या कापड मार्केटात मी एकवीस वर्षं साड्यांना घड्या घातल्यात. कोणतं कापड किती पाणी पितं हे मला मोबाइलनं सांगायची गरज नव्हती. मी पलंगावर पाच जॉर्जेटच्या साड्या काढल्या, तर मुलगा दारातूनच म्हणाला, "माय, त्या मार्केटन्या साड्या नको लेऊ. तठे चांगला लोक येतस."

फार लागलं मला. ह्याच साड्यांच्या घड्या घालून ह्याची फी भरली होती, आणि आज त्याला त्यांचीच लाज वाटत होती. मग मीही हट्टाला पेटले. साडी फरशीवर पसरली, तळहातानं हवा काढत काढत मार्केटची घडी घातली. पाचही साड्या मिळून एका वहीएवढी जाडी झाली. वर सॅटिनचे परकर आणि नायलॉनची दोरी.

विमानतळावर त्यांची बॅग जड भरली. दोन टॉवेल माझ्या बॅगेत कोंबावे लागले. मी मनातल्या मनात पोटभर हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोटीनं पलीकडच्या छोट्या बेटावर जायचं होतं. सून त्या बेटासाठीच आली होती. सकाळी किनाऱ्यावर पावसानं तिघांनाही गाठलं. आधीच्या दोन दिवसांच्या जीन्स आणि कुर्ते खोलीत ओलेच लटकत होते, वर कुबट वास. मुलगा टॉवेल गुंडाळून पलंगावर बसला आणि म्हणाला, "बोट राहू दे." सुनेचा चेहरा रडवेला झाला.

मी माझी साडी पिळली, झटकली आणि पंख्याखाली दोरीवर टाकली. चहा संपेपर्यंत सुकलीसुद्धा. मग बॅग उघडली. निळी साडी सुनेला दिली, ती तिनं टी-शर्टवरच नेसली, आणि खरं सांगते, सुंदर दिसली. हिरवी फुलाफुलांची साडी मी तीन पदरी केली आणि मुलापुढे धरली.

"गुंडाळ लुंगीसारखी."

"माय, लोक हासतीन!"

"हासू दे. वल्ली पँट घालीसन बठशी का?"

त्यानं उठून ती गुंडाळली. एकवीस वर्षांत मार्केटच्या कुठल्या शेठनं माझं इतकं ऐकलं नसेल.

बोट निघाली आणि अर्ध्या वाटेत पुन्हा सर आली. सगळे भिजले. पाठोपाठ ऊन आलं, वारा सुटला, आणि आम्ही तिघं सोडून सारी बोट कुडकुडत बसली. शेजारची एक बाई माझ्या मुलाच्या लुंगीकडे केव्हाची बघत होती. अंगावर चांगले भारी कपडे, सगळे ओलेचिंब.

"भैया, ये लुंगी कहाँ से ली? कितनी जल्दी सूख गई!"

मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार, किंवा मान खाली घालणार. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग ताठ बसला आणि सगळ्या बोटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "साड़ी है. सूरत का माल है, मेरी माँ के मार्केट का!"

मी समुद्राकडे तोंड फिरवलं. डोळे पदरानं पुसले. पदर लगेच सुकला.