सुहासला जे ऐकायचं होतं

सुहास गेल्याचं त्याच्या बायकोनं, मेधानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की का?" काय ही माझी जीभ! झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. दीड महिना झाला... अजून मला ते पुरतं खरं वाटत नाही.

आम्ही पुण्याच्या एकाच कॉलेजातले. सिंगापुरात मी मरीन परेडला, आयटीवाला. तो कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडच्या तेल कारखान्यांत जाणारा केमिकल इंजिनिअर. पंचेचाळिशीत त्याला अमेरिकन कंट्री संगीताचं खूळ लागलं. त्यातही गुळगुळीत नव्हे, खरखरीत, उदास, 'ऑल्ट-कंट्री' म्हणतात तसलं. दर शनिवारी दुपारी गिटार घेऊन स्वारी गायब. "भाऊजी, बघून या ना, खरंच गातात का," मेधा म्हणाली. मला काय, निमित्तच हवं होतं.

हौगांगमधल्या सरावाच्या खोलीत खरंच गाणं चाललं होतं. निवृत्त टॅक्सीवाले लिम अंकल मांडीवर आडवी गिटार घेऊन, एक मलय शिक्षिका व्हायोलिनवर आणि मधे आमचा सुहास. गाणं कसलं, तर ओसाड रस्ता, मेलेली गुरं, विकलेलं शेत! तासाभरात ज्याच्या दोन्ही टोकांना समुद्र लागतो त्या बेटावर कसला आलाय ओसाड रस्ता? आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या माणसानं गुरं पाहिली कुठे? त्यांच्या कार्यक्रमांना येणारी मंडळीही तसलीच. या घामट हवेत चामडी बूट. बोलताना वाक्यामागे सिंगापुरी 'लाह', गाताना टेक्सास. सगळी नाटकं, असं मी मेधाला सांगून टाकलं. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. लिम अंकलची गिटार कळवळायला लागली की मी डोळे मिटून ऐकत बसायचो, आणि मग मला माझाच संशय यायचा.

एकदा सुहासला म्हटलं, तुला जे माहीत आहे ते गा की. त्यानं ते मनावर घेतलं. पहाटेच्या कंपनीबसवर गाणं रचलं. पेंगणारी माणसं, गळ्यातले पास, खिडकीबाहेर तेलाच्या टाक्या, आईला करायचा राहून गेलेला फोन... कार्यक्रमात ते ऐकताना मी हातातला ग्लास तोंडाला लावायचाही विसरलो. नंतर तो समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"पटलं?"

मी म्हणालो, उच्चार अजून उसने वाटतात. का म्हणालो? हार मानायची नव्हती, दुसरं काय! तो हसला आणि गिटार पेटीत ठेवायला गेला. आठ दिवसांनी तो गेला.

परवा मेधाबरोबर त्याचं सामान आणायला त्या खोलीत गेलो. बसचंच गाणं चालू होतं. शेवटचा सूर थांबल्यावर लिम अंकलनी मान हलवली आणि चक्क मराठीत म्हणाले, "नाही पटणार. परत." सगळ्यांनी मुकाट्यानं पहिल्यापासून धरलं. मी चाटच पडलो. हे कुठून शिकलात, म्हणून गाणं संपल्यावर विचारलं. प्रत्येक सरावात सुहास हेच म्हणायचा म्हणे. त्याचा कुणी एक मित्र होता, मोठा कठीण कान. त्याला पटेपर्यंत गाणं झालं असं धरायचंच नाही, हा नियम. "बस साँग, नॉट यट लाह," लिम अंकल म्हणाले. "दॅट फ्रेंड... यू नो हिम, आह?"

मेधा माझ्याकडे बघत होती. मी खाली बसलो. म्हटलं, आणखी एकदा वाजवा. त्यांनी वाजवलं. संपल्यावर मी म्हणालो, "पटलं."

सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. तो शब्द त्या खोलीत कुणी कधी ऐकलाच नव्हता. अर्थ मला इंग्रजीत सांगावा लागला.